महानगराच्या वेशीवरचे घर : उपनगराची निवड आणि नियोजनाची कसोटी

स्थलांतर म्हटले की खेड्याकडून शहराकडे येणारा प्रवाह सामान्यतः डोळ्यांसमोर येतो. भारतातील महानगरांत मात्र गेल्या काही दशकांत आणखी एक प्रवाह बळावला आहे. नोकरी महानगरातच ठेवून केवळ घर बाहेर हलविणाऱ्या कुटुंबांचा हा प्रवाह होय. जनगणनेच्या आकडेवारीत त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. कोलकाता महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ४५.७ लाखांवरून सुमारे ४५ लाख झाली. दिल्लीतील नवी दिल्ली व मध्य दिल्ली या जिल्ह्यांतही घट नोंदली गेली. त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचला, गुडगाव जिल्हा सुमारे ७४ टक्क्यांनी, तर गाझियाबाद जिल्हा ४० टक्क्यांहून अधिक वाढला.

गाभ्यातील घट केवळ अशा कुटुंबांमुळे झाली असे म्हणता येणार नाही. झोपडपट्ट्या हटविणे, निवासी जागांचे कार्यालयांत रूपांतर होणे ही कारणेही तिच्यामागे आहेत. तसेच उपनगरात येणारे सर्वच लोक महानगराच्या गाभ्यातून येत नाहीत. अनेक कुटुंबे लहान शहरांतून थेट तेथे येतात. परंतु या साऱ्यांपुढचा प्रश्न सारखाच असतो. परवडणारे घर, गाठता येईल अशी नोकरी आणि मुलांसाठी बरी शाळा, या तिन्ही गोष्टी कोणत्या गावात एकत्र मिळतील? आयुष्यभराची बचत आणि रोजचे दोन-तीन तास या उत्तरावर पणाला लागतात. हा निर्णय वरकरणी खासगी असला तरी त्यातील पर्याय सार्वजनिक धोरणानेच घडविलेले असतात. दिल्ली आणि तिच्या भोवतालची गावे हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

वलय शहरांची कल्पना

फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाने या कथेची सुरुवात होते. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या कुटुंबांसाठी १९४९ नंतर फरिदाबाद येथे नवे औद्योगिक नगर वसविण्यात आले. घर आणि रोजगार एकाच ठिकाणी असावा, हा त्यामागचा विचार होता. १९६२ च्या दिल्लीच्या पहिल्या बृहत् आराखड्याने गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, बहादूरगड यांसारख्या गावांकडे ‘वलय शहरे’ म्हणून पाहिले. दिल्लीकडे येणारी वाढ या गावांनी झेलावी, अशी अपेक्षा होती. १९७६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली नोएडाची स्थापना केली. हरियाणाने १९७५ च्या कायद्याद्वारे खासगी विकासकांना वसाहती उभारण्याचे परवाने देण्याची पद्धत स्वीकारली आणि त्यातून पुढे आधुनिक गुडगाव घडले. २०१६ मध्ये या शहराचे नाव गुरुग्राम झाले.

एका महानगराचा विस्तार अनेक राज्यांत झाल्याने समन्वयाची गरज निर्माण झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ नुसार हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेशच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतर संसदेने १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ कायदा केला. आज हे क्षेत्र सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचे आहे. २००५ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक योजना २०२१’ मध्येही दिल्लीवरील भार विभागून संतुलित विकास साधण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात घरे बाहेर गेली; नोकऱ्या मात्र काही मोजक्या ठिकाणीच एकवटल्या. त्यामुळे वलय शहरे स्वयंपूर्ण होण्याऐवजी अंशतः निवासी उपनगरे बनली.

घर आणि प्रवास : एकत्रित हिशेब

जमिनीची किंमत केंद्रापासूनच्या अंतरानुसार घटते, हे तत्त्व जर्मन अर्थतज्ज्ञ फॉन थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये शेतजमिनीच्या संदर्भात मांडले. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी ते शहरी जमिनीला लागू केले. जागेचा दर आणि प्रवासाचा खर्च ही तराजूची दोन पारडी आहेत, असा त्याचा मथितार्थ. कुटुंबे घराचा दर बारकाईने पाहतात. दुसरे पारडे मात्र अनेकदा तोललेच जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, दूरच्या गावात घरभाडे दरमहा ६,००० रुपयांनी कमी आहे. कुटुंबात दोघे नोकरी करतात आणि प्रत्येकाचा प्रवासखर्च दरमहा २,५०० रुपयांनी वाढतो. म्हणजे प्रत्यक्ष बचत केवळ १,००० रुपये उरते. आता वेळ पाहू. एका बाजूचा प्रवास ९० मिनिटांचा असेल तर रोज ३ तास आणि वर्षातील २८० कामाच्या दिवसांत ८४० तास होतात. म्हणजे वर्षातील पूर्ण ३५ दिवस व रात्री प्रवासातच जातात.

या हिशेबात किलोमीटरपेक्षा दारापासून दारापर्यंतचा वेळ महत्त्वाचा असतो. गाडीत ४० मिनिटे लागत असली तरी घरापासून स्थानकापर्यंत ई-रिक्षाची वाट पाहणे, तपासणीची रांग, गाडी बदलणे आणि उतरल्यावरची पायपीट यांत तेवढाच वेळ जाऊ शकतो. त्याचप्रमाणे प्रवासाचा सरासरी वेळ आणि त्याची खात्री या वेगळ्या बाबी आहेत. रोज ७० मिनिटे घेणारी रेल्वे ही कधी ४५ तर कधी १२० मिनिटे घेणाऱ्या रस्त्यापेक्षा नोकरदाराला अधिक उपयोगी ठरते, कारण उशीर गृहीत धरून त्याला रोज घरातून आधी निघावे लागत नाही.

काही वेळा शासकीय नियमही या तराजूवर परिणाम करतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता कर्तव्यस्थानाच्या शहरावरून ठरतो. निवासस्थान त्या शहराच्या हद्दीबाहेर असले तरी चालते. परिणामी दिल्लीत नियुक्त असलेला कर्मचारी दिल्लीच्या दराने भत्ता घेऊन कमी भाड्याच्या गावात राहू शकतो. पानिपत, सोनीपत, पलवल, मेरठ अशा गावांतून मासिक पासावर ये-जा करणे शक्य होते ते रेल्वेच्या सवलतीच्या दरांमुळे. म्हणजेच दूर राहण्याचा खर्च काही अंशी सार्वजनिक तिजोरीही उचलत असते.

दुसऱ्या नोकरीचा प्रश्न

उपनगराची निवड बहुधा कुटुंबातील एका, बव्हंशी पुरुषाच्या, कार्यालयाकडे पाहून केली जाते. घरातील दुसऱ्या नोकरीचे काय होते, हा प्रश्न मागे पडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या ६ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २९९ व ९७ होते. ज्या व्यक्तीच्या दिवसातील जवळपास पाच तास घरकामाला बांधलेले आहेत, तिच्यासाठी तीन तासांचा प्रवास म्हणजे नोकरी सोडण्याचे कारण ठरू शकतो.

स्त्रियांच्या प्रवासाचे स्वरूपही वेगळे असते. मुलाला शाळेत सोडणे, वाटेत बाजार करणे, आजारी वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणे अशी अनेक कामे एका फेरीत जोडलेली असतात. केवळ निवासी सेक्टर, दूरवरचा बाजार आणि रात्री आठनंतर ओस पडणारा रस्ता अशी रचना असलेल्या वसाहतीत ही साखळी तुटते. सुरक्षित डब्याची व्यवस्था हा या प्रश्नावरचा एक उपाय आहे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी मुंबईत महिला विशेष लोकल सुरू केली. दिल्ली मेट्रोने ऑक्टोबर २०१० पासून पहिला डबा महिलांसाठी राखीव ठेवला. परंतु स्थानकाबाहेरचा उजेड, पदपथ आणि वारंवार मिळणारी बस यांखेरीज या सोयी अपुऱ्या ठरतात. त्यामुळे घर निवडताना दुसऱ्या नोकरीचे उत्पन्न टिकेल काय, हा प्रश्न भाड्यातील फरकाइतकाच आर्थिक स्वरूपाचा आहे.

राज्याची सीमा ओलांडताना

दिल्लीतून नोएडा वा फरिदाबादला जाणारे कुटुंब काही किलोमीटरच सरकते, पण ते दुसऱ्या राज्याचे रहिवासी होते. वीजदर, मालमत्ता कर, वाहन नोंदणी, शाळा मंडळ व मुद्रांक शुल्क यांचे नियम बदलतात. दिल्ली व हरियाणात घर महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, यासारख्या बाबी तपासून पाहाव्या लागतात.

मुलांच्या शिक्षणावरील परिणाम अधिक दूरगामी असतात. दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठासारख्या दिल्ली शासनाच्या संस्थांत ८५ टक्के जागा दिल्ली विभागासाठी असतात आणि हा विभाग विद्यार्थी बारावी कोणत्या ठिकाणच्या शाळेतून उत्तीर्ण झाला त्यावरून ठरतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२(१)(ग) खालील २५ टक्के प्रवेशांसाठी शेजार परिसर हा निकष आहे. अनुसूचित जातींच्या याद्या अनुच्छेद ३४१ नुसार राज्यनिहाय असतात आणि स्थलांतर केल्यास नव्या राज्यातील आरक्षणाचा लाभ आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले. दुसरीकडे ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश आल्याने अन्नधान्याचा हक्क मात्र सीमेवर अडत नाही. कोणता हक्क कुटुंबासोबत प्रवास करतो आणि कोणता मागे राहतो, हे ओळखणे त्यामुळे आवश्यक ठरते.

कोविड-१९ च्या साथीत या सीमेचे अस्तित्व तीव्रतेने जाणवले. २०२० मध्ये दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश यांनी वेगवेगळ्या वेळी सीमा बंद केल्या आणि हजारो नोकरदार अडकले. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजधानी क्षेत्रातील ये-जा करण्यासाठी समान धोरण आखण्याची सूचना संबंधित सरकारांना करावी लागली. आर्थिकदृष्ट्या एक असलेला प्रदेश प्रशासकीयदृष्ट्या किती विभागलेला आहे, याचा हा धडा होता.

पाणी, कारभार आणि घराचा ताबा

केंद्रीय मार्गदर्शक निकषांनुसार नळपाणी व मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत प्रतिमाणशी दररोज किमान १३५ लिटर पाणी मिळावे. महानगराच्या कडेला हे पाणी दुरून आणावे लागते. गुरुग्रामला यमुनेचे पाणी कालव्याने येते. नोएडा व गाझियाबादच्या काही भागांना गंगेच्या कालव्याचे पाणी मिळते. जेथे नळजोडणी पोहोचलेली नाही, तेथे कूपनलिका आणि टँकर हेच आधार असतात. इमारत उभी असणे आणि तिला मंजूर जलजोडणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तक्रार कोणाकडे करायची, हा पुढचा प्रश्न. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. परंतु अनुच्छेद २४३ (थ) मधील तरतुदीनुसार औद्योगिक नगरी घोषित केलेल्या क्षेत्रात नगरपालिका न स्थापण्याची मुभा आहे. नोएडाचा कारभार या मार्गाने विकास प्राधिकरणाकडे राहिला. गुरुग्राममध्ये उंच इमारती आधी आल्या. महानगरपालिका २००८ मध्ये स्थापन झाली. अनेक ठिकाणी रस्ता एका यंत्रणेचा, पाणी दुसरीचे आणि अंतर्गत देखभाल विकासकाची, अशी विभागणी असते. जनगणनेतील ‘गणना शहरे’ हीदेखील याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. किमान ५,००० लोकसंख्या, ७५ टक्के पुरुष मुख्य कामकरी बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक, या निकषांवर गाव शहर ठरते. पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. अशा शहरांची संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये ३,८९४ झाली.

घराच्या ताब्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. नोएडा-ग्रेटर नोएडा परिसरातील एका मोठ्या बांधकाम समूहाच्या अपूर्ण प्रकल्पांत सुमारे ४२,००० ग्राहक अडकले होते. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची नोंदणी रद्द करून उर्वरित काम सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे सोपविले. हप्ता आणि भाडे दोन्ही भरणाऱ्या कुटुंबांची अवस्था त्यातून समोर आली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रावर आधारित विक्री आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. नोंदणी हे संरक्षण असले तरी भोगवटा प्रमाणपत्राची जागा ती घेऊ शकत नाही.

आधी रेल्वे की आधी घरे?

उपनगराचे भवितव्य ठरविणारा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे सोयींच्या आगमनाचा क्रम. मद्रासमध्ये बीच ते तांबरम हा विद्युत लोहमार्ग १९३१ मध्येच सुरू झाला आणि त्याच्या कडेने उपनगरे वाढली. तांबरमला महानगरपालिका मात्र २०२१ मध्ये मिळाली. मुंबईच्या उत्तरेस विरारपर्यंत रेल्वे एकोणिसाव्या शतकातच पोहोचली होती. पण चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली ती २००९ मध्ये. तेथे प्रवासाची सोय आधी आणि नगर प्रशासन मागाहून, असा क्रम राहिला. नवी मुंबईत याउलट घडले. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, सेक्टर आखले गेले; पण मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये आली. त्यानंतरच मुंबईत नोकरी करणाऱ्यांना तेथे राहणे सुकर झाले. या लोहमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला. जमिनीच्या वाढत्या मूल्यातून रेल्वे उभारण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

दिल्लीत मेट्रोची सुरुवात डिसेंबर २००२ मध्ये झाली. ती नोएडाला २००९ मध्ये, गुडगावला २०१० मध्ये, गाझियाबादमधील वैशालीला २०११ मध्ये, फरिदाबादला २०१५ मध्ये आणि बहादूरगडला २०१८ मध्ये पोहोचली. म्हणजे नोएडाच्या स्थापनेनंतर ३३ वर्षांनी. मधल्या काळातील अंतर खासगी वाहने आणि बसगाड्यांनी भरून काढले. रस्त्यांवरील कोंडी आणि प्रदूषण हे त्याचेच फलित. दिल्ली-मेरठ या ८२ किलोमीटरच्या प्रादेशिक जलद रेल्वेचा साहिबाबाद-दुहाई हा १७ किलोमीटरचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि दिल्लीतील न्यू अशोक नगरपर्यंतचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. ही सेवा चालविणाऱ्या महामंडळात केंद्राचा ५० टक्के आणि चार राज्यांचा प्रत्येकी १२.५ टक्के भांडवली वाटा आहे. सहकारी संघराज्याचा हा व्यवहार्य नमुना मानता येईल. मात्र जलद रेल्वेची घोषणा होताच जमिनीचे भाव चढतात आणि ज्यांच्यासाठी ती सोय असते, ती कुटुंबे आणखी पुढच्या गावाकडे ढकलली जातात, हा अनुभवही नोंद घेण्याजोगा आहे.

निवडीचा क्रम

या विवेचनातून कुटुंबासाठी एक क्रम हाती लागतो. प्रथम दोन्ही नोकऱ्यांपर्यंतचा दारापासून दारापर्यंतचा वेळ गर्दीच्या वेळी, कामाच्या दिवशी प्रत्यक्ष प्रवास करून मोजावा. त्यानंतर भाडे वा हप्ता, प्रवासखर्च आणि देखभाल शुल्क यांची एकत्र बेरीज करावी. आज चालू असलेली रेल्वे आणि नकाशावरील प्रस्तावित रेल्वे यांत स्पष्ट भेद करावा. कारण मुलाचे शालेय आयुष्य प्रस्तावित मार्गाच्या पूर्ततेची वाट पाहत नाही. पाण्याचा स्रोत, मलनिस्सारण, शाळा, रुग्णालय आणि स्थानिक संस्था यांची माहिती तेथे आधीपासून राहणाऱ्यांकडून घ्यावी. शक्य असल्यास वर्षभर भाड्याने राहून मगच खरेदी करावी. उन्हाळ्यातील पाणी, पावसाळ्यातील रस्ते आणि हिवाळ्यातील हवा या तिन्हींची पारख त्यातून होते.

धोरणाची दिशा

वैयक्तिक सावधगिरीला मर्यादा असतात. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण (२००६) वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीवर भर देते. २०१७ चे मेट्रो रेल्वे धोरण आणि स्थानककेंद्री विकासाचे राष्ट्रीय धोरण स्थानकाभोवती दाट व मिश्र वापराच्या वस्तीचा पुरस्कार करतात. अशा वस्तीत परवडणारी व भाड्याची घरे राखून ठेवली, तरच त्यांचा लाभ सामान्य नोकरदारापर्यंत पोहोचेल. अनुच्छेद २४३ (यङ) नुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रांत महानगर नियोजन समिती अपेक्षित आहे आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींतून निवडले जाणे आवश्यक आहे. ही समिती सक्षम झाली, तर गावाचे शहर होत असतानाच पाणी, वाहतूक आणि घरबांधणी यांचा एकत्र विचार शक्य होईल.

२०११ नंतरच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित झाली आहे. दरम्यानच्या काळात महानगरांच्या वेशी किती पुढे सरकल्या, हे तिच्यातून कळेल. उपनगरांचे यश मात्र केवळ लोकसंख्येवरून मोजता येणार नाही. तेथे राहायला गेलेल्या कुटुंबातील दोन्ही नोकऱ्या टिकल्या काय, मूल जवळच्या शाळेत जाते काय आणि नळाला पाणी येते काय, यावरच ते ठरेल. रेल्वे, पाणी आणि लोकनियुक्त कारभार घरांच्या आधी किंवा निदान घरांबरोबर आले, तर स्वस्त घर खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते. ते मागाहून आले, तर उरलेली किंमत कुटुंब आपल्या वेळेतून भरते आणि तिचा मोठा हिस्सा घरातील स्त्रीच्या वाट्याला येतो.